व्रत की व्याधी?

आमच्या गोमंतकात दुपार कलल्यावर कोणी भेटले म्हणजे नमस्काराच्याही आधी प्रश्न येतो, ‘जेवण जालें?’ विचारणाऱ्याला तुमच्या ताटाची चौकशी करावयाची नसते. तुमचे कुशल आहे ना, एवढेच त्याला म्हणावयाचे असते. उत्तरही ठरलेलेच असते, ‘जालें.’ ते खरे की खोटे याचा शोध घेण्याची आपल्यात रीत नाही, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. परंतु काही घरांत, काही मुलामुलींच्या तोंडचे हे ‘जालें’ खोटे असते. एखाद्या दिवशी नव्हे, महिनोन्‌महिने खोटे असते. त्या खोट्या उत्तरामागे जे दुखणे दडलेले असते त्याविषयी आमच्या विद्यार्थ्यांशी व त्यांच्या पालकांशी चार शब्द बोलावेत, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आमचे घर पेडणे महालातले आणि नोकरी डिचोलीकडची. घरी आम्ही कोंकणी बोलतो व वर्गात मराठी शिकवितो. या दोन्ही भाषांत अन्नासाठी शब्दांची वाण नाही. उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबरचे तोर, नाचणीचे तिजण, हुमण, खतखतें, पातोळ्यो, नेवऱ्यो, ही नावे नुसती उच्चारली तरी घर आठवते. परंतु अन्नाशीच वैर धरणाऱ्या आजाराला आपल्या रोजच्या बोलण्यात नाव नाही. पोर जेवत नाही म्हटले की कोणी म्हणतो ‘दिष्ट लागली’, कोणी म्हणतो ‘परीक्षेची धास्ती’, आणि कोणी म्हणतो ‘नखरे’. ज्या दुखण्याला नाव नाही त्याची ओळख पटावयास वेळ लागतो, आणि या दुखण्यात वेळ हीच मोठी किंमत आहे.

ओळख पटण्यात आणखी एक अडचण आहे, ती आपल्या उपासतापासांची. आपण उपास करणारे लोक आहोत. श्रावणी सोमवार, संकष्टी, एकादशी, सोळा सोमवार, ही आपल्या घरची नित्याची व्रते. आमचे ख्रिस्ती शेजारी ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस पाळतात, मुसलमान शेजारी रमजानचे रोजे धरतात. डिचोली महालातील शिरगावच्या श्रीलईराई देवीच्या जत्रेसाठी हजारो धोंड व्रतस्थ राहतात, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. कित्येकांच्या घरचे वडील वा काका धोंड असतात. अशा समाजात एखाद्या मुलीने ताट बाजूला सारले तर तिचे कौतुकच होण्याचा संभव अधिक.

म्हणून व्रत आणि व्याधी यांतील भेद आधी नीट ध्यानी घेतला पाहिजे. धोंडाचे व्रत पाहा. त्याला आरंभ आहे आणि शेवट आहे. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेस होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालून गेले की ते पुरे होते आणि मनुष्य आपल्या घरी येऊन चारचौघांसारखा जेवतो. ते व्रत एकट्याचे नसते. स्नान, सोवळ्यातले शिवराक जेवण, मुक्काम, सारे सोबत्यांच्या संगतीने चालते. त्याचे नियम साऱ्या गावाला ठाऊक असतात. आणि मुख्य म्हणजे, व्रत करणारा मनुष्य अन्नाला भीत नाही; तो ते काही काळ दूर ठेवतो इतकेच. व्याधीचे लक्षण नेमके याच्या उलट. तिला शेवट नसतो, ती एकान्तात चालते, तिचे नियम रोज वाढत जातात व ते कोणास सांगितले जात नाहीत. आणि तिच्या मुळाशी श्रद्धा नसून भय असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. तिच्या घरच्यांच्या संमतीने हे लिहीत आहोत. तरीही नाव, गाव व ओळख पटेल असा तपशील येथे मुद्दाम दिलेला नाही. मुलगी हुशार, वह्या स्वच्छ, एक गुण कमी पडला तरी डोळ्यांत पाणी येणारी. स्नेहसंमेलनातील नाचाच्या तालमीच्या वेळी कोणीतरी तिच्या अंगावरून थट्टेने काही बोलले. मुले हसली, तीही हसली, आणि विषय तेथेच संपला असे सर्वांस वाटले. पुढे श्रावणात तिने सोमवार धरले. आईला बरे वाटले. सोमवारांना शनिवार मिळाले, शनिवारांना गुरुवार. चतुर्थीच्या दिवशी तिने आईच्या बरोबरीने नेवऱ्यो तळल्या, हळदीच्या पानांतल्या पातोळ्यो उकडल्या आणि साऱ्या घराला आग्रहाने वाढल्या. तिच्या स्वतःच्या पानावर मात्र चमचाभर खतखतें होते. ते प्रथम कोणाच्या ध्यानात आले असेल तर तिच्या आजीच्या. आजी म्हणाली, ‘श्रावण सोंपलो, पूण हिचो उपास सोंपना.’ श्रावण संपला, पण हिचा उपास संपत नाही. आम्ही या विषयावर पुष्कळ वाचले आहे, परंतु या व्याधीचे इतके नेमके निदान थोड्याच शब्दांत केलेले अन्यत्र आढळले नाही.

शाळेत आम्हांस दिसत होते ते निराळेच. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती स्वेटर घालून बसू लागली. मधल्या सुट्टीत स्वतःचा डबा मैत्रिणींत वाटून टाकू लागली. प्रार्थनेच्या वेळी एकदा चक्कर येऊन खाली बसली. अभ्यासात मात्र काडीचा फरक नव्हता, उलट गुण वाढले होते. आम्ही तिला वर्गातल्या मराठीत विचारले तेव्हा उत्तरही वर्गातलेच आले, ‘टीचर, मी बरी आहे.’ मग एके दिवशी शाळा सुटल्यावर कोंकणीत विचारले, ‘बाय, भूक लागना गो तुका?’ ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘लागता. सगळो वेळ लागता.’

त्याच आठवड्यात आम्ही तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, ‘ती शाळेंत जेवून येता म्हणटा.’ शाळेत ती सांगत असे की घरी जेवून आले. खोट्या उत्तराचा एक अर्धा भाग घरात होता, दुसरा शाळेत; दोन्ही एकमेकांशेजारी मांडले तेव्हा दिवसाकाठी तिच्या पोटात जवळजवळ काहीच जात नव्हते, हे दिसले. दुसऱ्याच दिवशी आईवडील तिला तालुक्याच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेले. डॉक्टरांनी नाडी पाहिली ती फार मंद होती. तेथून बांबोळीस चिठ्ठी मिळाली. काही दिवस रुग्णालयात व पुढे कित्येक महिने घरी, असे उपचार चालले. शालान्त परीक्षेस ती पुढल्या वर्षी बसली. आज ती महाविद्यालयात शिकत आहे. अजूनही काही दिवस जड जातात, असे ती स्वतःच सांगते. पण ती जेवते.

तिच्या त्या दोन वाक्यांत या आजाराच्या नावातील मोठी चूक दिसून येते. १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल व पॅरिसचे डॉक्टर शार्ल लासेग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जेवण सोडलेल्या तरुण मुलींचे वर्णन प्रसिद्ध केले. गल यांनी त्यास ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे भुकेचा अभाव. वास्तविक या रोग्याची भूक नाहीशी झालेली नसते. ती दडपलेली असते. पुढे १९७९ साली लंडनमध्येच डॉक्टर जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’ या दुसऱ्या प्रकाराचे वर्णन केले. त्यात मनुष्य थोड्या वेळात बेसुमार खातो आणि नंतर भीतीने व लाजेने ओकून, जुलाबाची औषधे घेऊन किंवा अतोनात व्यायाम करून ते अन्न भरून काढू पाहतो. तिसऱ्या प्रकारात आवर न राहता खाणे घडते, ओकणे नसते, परंतु लाज तीच. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात त्यासही स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळाले. म्हणजे हाडे दिसू लागली तरच हा आजार, ही समजूत चुकीची आहे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारातील रोगी दिसावयास अगदी धडधाकट असू शकतो.

‘मनाने घेतले तर जेवेल, हट्ट आहे झाले,’ असे म्हणणारांसाठी एका प्रयोगाची हकिकत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ व १९४५ या साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला. युद्धात उपाशी राहिलेल्या जनतेस पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे शिकण्याचा त्यामागील हेतू होता. २४ आठवड्यांत त्या तरुणांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. परंतु लक्षात राहण्यासारखा बदल त्यांच्या मनात झाला. ते चिडचिडे झाले, मित्रांस टाळू लागले, त्यांस सतत थंडी वाजू लागली. ते पाकक्रियेची पुस्तके वाचीत बसत, घासाचे बारीक तुकडे करून एकेक जेवण लांबवीत. हे तरुण आजारी नव्हते, त्यांस बारीक व्हावयाचे नव्हते. तरी केवळ उपासमारीने त्यांची ही गत झाली. उपाशी मेंदू अन्नावाचून दुसरा विचार करू शकत नाही, आणि जो विचार करतो तो सरळ करू शकत नाही. म्हणूनच अशा मुलीस केवळ उपदेश करून भागत नाही. तिच्या बुद्धीला समजण्याची ताकद यावयास आधी तिच्या पोटात अन्न गेले पाहिजे.

‘हे सारे विलायतेचे आजार, आमच्याकडे कोठले?’ असाही प्रश्न येईल. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १९९५ सालीच आपल्याकडील अशा रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मुलांविषयीचा अभ्यास २००७ साली आला. बेंगळुरूतील मनोविकारतज्ज्ञांस विचारून केलेली पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे दोनतृतीयांश डॉक्टरांनी असा एक तरी रोगी पाहिल्याचे सांगितले. दिल्ली व वेल्लोर येथील अनुभवांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. आपल्याकडील पुष्कळ रोगी ‘मला लठ्ठ होण्याची भीती वाटते’ असे म्हणतच नाहीत. त्यांची तक्रार पोटाची असते, जेवण जात नाही, उलटी होते अशी. अशी मुले पोटाच्या औषधांत महिने घालवितात. पोटाचे दुखणे आहे की नाही याची तपासणी अवश्य करावी. पण तपासण्यांत काहीच सापडत नसताना वजन उतरतच असेल, तर मनाकडेही पाहावे.

आणि काळ बदलत आहे, हेही विसरून चालणार नाही. पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर धष्टपुष्ट शरीर हे पूर्वापार सौख्याचे लक्षण मानीत. तेथील नाद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. अ‍ॅन बेकर या संशोधिकेने त्या वर्षी तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ साली पुन्हा केली. वजन उतरविण्यासाठी मुद्दाम ओकणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही आढळली नव्हती. तीन वर्षांनी त्यांचे प्रमाण शेकडा ११.३ झाले होते. आमच्या लहानपणी पेडण्यात ‘पोर भरलें’ ही स्तुती होती. आज त्याच पेडण्यातील मुलांच्या हातांत दूरध्वनी आहे व त्यावर रात्रंदिवस घासूनपुसून सुंदर केलेली शरीरे सरकत आहेत. फिजीत तीन वर्षांत जे घडले ते आपल्याकडे घडणार नाही, असे मानण्यास आधार नाही.

आता पालकांनी व विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी लक्षणे सांगतो. वाढत्या वयात वजन घटणे किंवा वाढावयाचे थांबणे. सर्वांबरोबर जेवावयास बसण्याचे टाळणे. ‘आताच खाल्ले’ हे उत्तर वारंवार येणे. दुसऱ्यांसाठी हौसेने रांधणे व स्वतः न खाणे. जेवण होताच दर वेळी न्हाणीघरात जाणे. कपाटात वा दप्तरात खाऊची रिकामी वेष्टने सापडणे. दिवसातून अनेकदा वजन करणे किंवा आरशासमोर स्वतःस दूषणे देणे. आजारी असतानाही व्यायाम न सोडणे. सैल कपड्यांत अंग झाकणे. सतत थंडी वाजणे, केस गळणे, अंगावर बारीक लव येणे, चक्कर येणे. मुलींची मासिक पाळी बंद होणे. वारंवार ओकणाऱ्यांचे गाल सुजलेले दिसतात, दातांचे लुकण झिजते, बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. यांतील एखादे लक्षण दिसले म्हणजे आजार झालाच असे नव्हे. परंतु तीनचार एकत्र दिसली आणि ती आठवड्यांमागून आठवडे टिकली तर वाट पाहू नये.

हा आजार कोणास होतो? घरात पूर्वी कोणास असा आजार, चिंतारोग वा उदासीनता असेल तर संभव वाढतो. म्हणजे काही भाग रक्ताचा आहे. स्वभावाने अतिकाटेकोर, चुकीला भिणारी मुले यात लवकर सापडतात. नाच, धावणे, कुस्ती यांसारख्या, जेथे वजनाकडे डोळे लागलेले असतात अशा क्षेत्रांतील मुलांस धोका अधिक. वयात येताना शरीर झपाट्याने बदलते तो काळ नाजूक. ज्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन घ्यावे लागते त्या मुलांनाही जपावे लागते. आणि कोणत्याही कारणाने केलेला कडक आहारनियम हा कित्येकदा पहिली पायरी ठरतो. मुलगे यातून सुटलेले नाहीत. त्यांच्या बाबतीत कधी बारीक होण्याऐवजी पिळदार होण्याचा ध्यास असतो. व्यायामशाळा, निरनिराळ्या पावडरी आणि भात वर्ज्य. घरच्यांना तो शिस्तीचा मुलगा वाटतो.

या कारणांपैकी रक्त आपल्या हाती नाही, स्वभाव थोडाच. पण जीभ पूर्णपणे आपल्या हाती आहे. ‘जाडी’, ‘बटाटो’, ‘काठी’, ‘सुको बोंबील’ ही टोपणनावे आमच्या विद्यार्थ्यांनी टाकून द्यावीत. नातेवाइकांनी लग्नाकार्यात भेटल्याबरोबर मुलांच्या अंगावर शेरा मारण्याची सवय सोडावी. ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ ही स्तुतीही तितकीच घातक, कारण आजारी मुलगी ती आपल्या आजाराला मिळालेले बक्षीस समजते. शाळेत मुलांची वजने घ्यावयाची असतील तर ती एकेकाची स्वतंत्रपणे घ्यावीत, वर्गासमोर मोठ्याने वाचू नयेत. ताटातल्या अन्नाला ‘पुण्याचे’ व ‘पापाचे’ अशी लेबले लावू नयेत.

एखाद्या मैत्रिणीविषयी शंका आली तर, मुलांनो, तिची टेहळणी करू नका आणि तिच्याशी वादही घालू नका. ‘तू हल्ली एकटी असतेस, मला काळजी वाटते,’ एवढे सांगा. वजनाचा विषय काढू नका. मग आईवडिलांपैकी किंवा शिक्षकांपैकी एकाला सांगा. हे चहाडी करणे नव्हे. तिने तुम्हांस शपथ घातली असली तरी सांगा. शपथेपेक्षा तिचे प्राण मोठे आहेत. हे आम्ही उगाच मोठ्या शब्दांत सांगत नाही. मनाच्या आजारांत सर्वांत अधिक मृत्यू घडविणाऱ्यांपैकी हा एक आहे. ओकण्याने व जुलाबांनी शरीरातील पोटॅशियम उतरते आणि हृदयाचा ठोका चुकतो. कॅरन कार्पेंटर ही जगप्रसिद्ध अमेरिकन गायिका ४ फेब्रुवारी १९८३ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी वारली, तेव्हा हृदयावर या आजाराचा केवढा घाला पडतो हे पुष्कळांस प्रथमच कळले.

उपचार आहेत व ते लागू पडतात. आधी आरोग्य केंद्रात नाडी, रक्तदाब व रक्त तपासून घ्यावे. पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्यास एकदम भरपेट जेवू घालणे धोक्याचे असते; रक्तातील क्षार बिघडून जीवावर बेतू शकते, म्हणून आरंभ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा. बांबोळीस गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मनोविकारांसाठी ‘इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेव्हियर’ ही संस्था आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते; मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. देवाचा कौल घ्यावयाचा असेल त्यांनी तो अवश्य घ्यावा, दिष्ट काढावयाची असेल त्यांनी ती काढावी. परंतु डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस त्यापायी पुढे ढकलू नये.

लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयात १९८०च्या दशकात जी उपचारपद्धती आकारास आली, तीत शाळकरी मुलांना जेवू घालण्याची जबाबदारी काही काळ आईवडिलांवर सोपविली जाते. दोष कोणाचा, हा प्रश्न बाजूला ठेवून घरातील माणसे रोज प्रत्येक जेवणाला रोग्याजवळ बसतात. रागावत नाहीत आणि उठतही नाहीत. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या आईने हेच केले. काजूच्या हंगामातली मजुरी सोडून ती दुपारच्या पेजेला मुलीसमोर बसे. पहिल्या महिन्यात एक वाटी पेज संपावयास कधी कधी दीड तास लागे. त्या दीड तासाचे मोल पैशांत होणारे नाही.

तेव्हा पालकांस आमची विनंती एवढीच की, दिवसातून एक तरी जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, दूरध्वनी बाजूला ठेवून घ्यावे, आणि कोण किती जेवले यापेक्षा कोण जेवावयास आले नाही इकडे लक्ष असावे. आणि ज्या मुलामुलींना हे वाचताना आपलीच हकिकत वाचल्यासारखे वाटले असेल, त्यांना सांगतो की, तुमच्या हातून अपराध घडलेला नाही. तुम्हांला आजार झाला आहे. तो बरा होतो. उद्या मधल्या सुट्टीत कोणाही शिक्षकाजवळ या आणि कोणत्याही भाषेत सांगा.